आडोसा: भिंत, खिडकी आणि शेजाऱ्याची नजर

(या भागाची ही लिखित प्रत. बोलताना 'म्हणजे' आणि 'असो' फार झाले होते, ते थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

इअरफोन कानात, मोबाइल खिशात, आणि बहुतेक बसमध्ये किंवा लोकलमध्ये कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून तुम्ही हे ऐकत असाल. प्रायव्हसीवर बोलायला याहून बरी वेळ कुठली?

प्रायव्हसी म्हटलं की आपल्याला आधी पासवर्ड आठवतो, मग कुठल्या ॲपला कुठली परवानगी दिली ते. आज मी त्याच्या खूप मागे जाणार आहे. भिंत, कुंपण, खिडकी, दार. शेजारी आपल्या घरात बघतो, तेव्हा काय करायचं? हा प्रश्न आपल्या देशात कोर्टात गेला, त्यालाही दीडशे वर्षं उलटून गेली. आणि त्याची जी उत्तरं मिळाली, ती आजही तुमच्या-माझ्या कंपाउंडच्या भिंतीत गाडलेली आहेत.

विषय सुचला तो आत्यामुळे. माझी मोठी आत्या साताऱ्याजवळच्या एका गावात, जुन्या गावठाणात राहते. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे परस. परसात हौद, तुळस, कपडे धुवायचा दगड. तिचं अर्धं आयुष्य त्या परसात गेलंय. निवडण-टिपण तिथं, केस वाळवणं तिथं, दुपारी पाय पसरून बसणं तिथं. दहा-अकरा वर्षांपूर्वी मागच्या बाजूला एक घर झालं, वर एक मजला, आणि त्या मजल्याला दोन खिडक्या, थेट परसावर. माणसं चांगली आहेत, सणाला ताट येतं-जातं. पण आत्या मला म्हणाली, "अरे, परसात बसले की पाठीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. कुणी बघतंय असं नाही म्हणत मी. पण बघू शकतं ना!"

'बघू शकतं' हे तिने जे म्हटलं, त्याच्याभोवतीच पुढची सगळी गोष्ट फिरते, म्हणून ते लक्षात ठेवा.

तिचा प्रश्न साधा होता. भिंत दहा फूट उंच करून घेऊ का? मी म्हटलं थांब, जरा वाचतो. आणि वाचत बसलो तो दोन महिने.

आधी शब्द बघू. मराठीत 'प्रायव्हसी'ला काय म्हणतात? पुस्तकात 'खासगीपणा', कोर्टात 'गोपनीयता'. पण घरात हे दोन्ही शब्द कुणी वापरत नाही. 'खासगी' तर मुळात राजेरजवाड्यांकडचा शब्द, होळकरांच्या राज्यात राणीच्या स्वतंत्र मिळकतीलाच 'खासगी' म्हणायचे. आपण घरात म्हणतो 'आडोसा'. जरा आडोसा कर. आडोशाला बस. आडोसा म्हणजे नजर आणि माणूस यांच्या मध्ये ठेवलेली कुठलीही गोष्ट. भिंत असो, पडदा असो, केळीची पानं असोत, नाहीतर दोन बायकांनी धरलेलं लुगडं असो. आडोसा हा मालकीचा शब्द नाही. इथे कुणी कुणाला हाकलत नाही, फक्त नजर अडवतो. हा फरक पुढे कामाला येईल.

आता जुनी घरं कशी होती ते बघा. देशावरचा वाडा रस्त्याकडे जवळजवळ पाठ करून उभा असतो. बाहेरून जाड भिंत, खालच्या मजल्याला खिडक्या नाहीत किंवा अगदी लहान आणि उंचावर. मोठा दरवाजा, आणि त्या दरवाज्यातच एक छोटं दार, दिंडी. एरवी ये-जा दिंडीतूनच, तीही वाकून. आत देवडी, मग चौक. सगळा उजेड, सगळा वारा चौकातून. अनेक वाड्यांत देवडीतून आतलं सरळ दिसतच नाही, एक वळण घ्यावं लागतं. म्हणजे दार सताड उघडं असलं तरी रस्त्यावरच्या माणसाला समोर फक्त भिंत दिसते. पहिला चौक आल्यागेल्याचा, कामाचा. माजघर, स्वयंपाकघर, दुसरा चौक आणि परस हे आत आत. जितकं नातं जवळचं, तितकं आत जायचं. चपला काढायची जागासुद्धा त्यावर ठरायची.

कोकणात वाड्याची चैन सगळ्यांना नव्हती. तिथं जांभ्या दगडाचा गडगा, कमरेइतका, फार तर छातीइतका. किंवा वई, म्हणजे काट्याकुट्यांचं, बांबूच्या कामट्यांचं कुंपण, दरवर्षी नव्याने घालायचं. आत जायला बेडं. जिवंत कुंपण हवं तर मोगली एरंड, शेर, निवडुंग, मेंदी, कोयनेल. मोगली एरंडाला जनावर तोंड लावत नाही, शेराची फांदी मोडली तर चीक येतो, म्हणून गुरं लांब. पण नीट बघा, ही सगळी व्यवस्था गुरांसाठी आहे. माणसाच्या नजरेसाठी नाही. नजरेसाठी होतं ते अंतर. घर आगराच्या मध्ये, चारी बाजूंनी माड, सुपारी, केळी, फणस. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर, पण दिसायचं नाही. जागा भरपूर होती, तेव्हा झाडांनीच आडोसा दिला.

आणि गोव्यात गंमत वेगळी. तिथल्या जुन्या पोर्तुगीजकालीन घरांच्या पुढे ते बसायचे सोपे असतात ना, बाल्कांव, ते अगदी रस्त्याकडे तोंड करून. बसा, बघा, बघू द्या, गप्पा मारा. पण त्याच घराच्या खिडक्या बघा. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, सपाट पातळ शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेले. उजेड आत येतो, मऊ दुधाळ, पण आतलं बाहेरून काही दिसत नाही. मला विचाराल तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची आडोशाची सगळ्यात हुशार कल्पना हीच. भिंत उजेड आणि नजर दोन्ही अडवते. शिंपला फक्त नजर अडवतो.

उजेड की नजर, हा झगडा जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरं, हद्दी, शेजारी यांवर एक आख्खं प्रकरण आहे, तिसऱ्या अधिकरणात. त्यात उजेडासाठी लहान खिडकी उंचावर काढावी असं सांगितलंय. आणि ज्याचं दार किंवा खिडकी दुसऱ्याला त्रास होईल अशी समोर येते, त्याला दंड. फक्त राजमार्गाकडे आणि रस्त्याकडे तोंड असेल तर चालेल. म्हणजे सार्वजनिक रस्त्याकडे बघा, शेजाऱ्याच्या अंगणाकडे नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा ग्रंथ, पण नियम इतका रोजच्यातला आहे की आत्याने केला असता.

आता १८८८ साली येऊ. अलाहाबाद हायकोर्ट. खटल्याचं नाव गोकल प्रसाद विरुद्ध राधो. गोकल प्रसादची तक्रार अशी, की शेजारी नवीन घर झालं, त्याचा व्हरांडा आणि दारं अशी काढलीत की माझ्या घरातला बायकांच्या वापरातला भाग त्यातून दिसतो. आमच्या बायका पडद्यात असतात, हे बंद करा.

समोर मुख्य न्यायाधीश सर जॉन एज. आणि त्यांची अडचण खरी होती. कारण इंग्लंडच्या कायद्यात याला उत्तर होतं ते असं: तुझ्या जमिनीवर तो आला का? नाही. तुझी वस्तू नेली का? नाही. मग तो स्वतःच्या खिडकीतून बघतोय, त्यात गुन्हा काय? १८६५ साली टॅपलिंग विरुद्ध जोन्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच मान्य केलं होतं, की नव्या खिडकीतून शेजारी दिसतो म्हणून दावा होत नाही. नको असेल तर आपल्या जमिनीवर बांधकाम करून ती खिडकी अडव. थोडक्यात, भिंत उंच कर.

एज यांनी इथं इंग्लंडचं उत्तर आणलं नाही. ते म्हणाले, या प्रांतात पडद्याची रीत आहे, आणि तिच्याबरोबर घराच्या आतल्या भागाचा आडोसा राखायची रूढीही आहे, आणि ही रूढी अवास्तव नाही. तिला कायद्याने मान द्यायला हवा. दावा गोकल प्रसादच्या बाजूने गेला. 'राइट ऑफ प्रायव्हसी' हे शब्द त्या निकालात अगदी स्पष्टपणे आलेत. अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांचा प्रायव्हसीवरचा जगप्रसिद्ध लेख आला १८९० साली. म्हणजे आपल्याकडचा निकाल दोन वर्षं आधीचा, आणि तो कुठल्या वर्तमानपत्रावरून नाही, एका व्हरांड्यावरून. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून चहा केला.

एज यांच्यासमोर अर्थशास्त्र मात्र असणं शक्यच नव्हतं. त्याचं हस्तलिखित म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींच्या हाती आलं १९०५ मध्ये, छापून निघालं १९०९ मध्ये. खिडकीचा नियम ताडपत्रावर पडून होता, आणि न्यायाधीश लोकांच्या वागण्यातून तोच नियम शोधत होते.

पण थांबा, या निकालाचं फार कौतुक करण्याआधी एक गोष्ट खटकते ती सांगतो. आडोसा बायकांचा, पण कोर्टात मागणारा पुरुष. हक्क बायकांना काय हवंय यातून आला नाही, बायका दिसू नयेत यातून आला. पडद्यातल्या बाईला त्या खिडकीचा त्रास होत होता का? होतही असेल. तिला पडद्याचाही त्रास होत असेल. तिला कुणी विचारलं नाही. माझ्या आत्याला ना पडदा माहीत, ना कधी तिने डोक्यावरचा पदर सांभाळला. तिला आडोसा हवाय तो दुपारी आरामात बसायला. हे दोन आडोसे दिसायला सारखे असले तरी एक नाहीत.

आता आपल्याकडे, मुंबई इलाख्यात काय होतं? इथं गोष्ट रंजक होते. मुंबई हायकोर्टाने १८६७ मध्येच, मनीशंकर हरगोवन विरुद्ध त्रिकम नरसी या खटल्यात, गुजरातमध्ये अशी रूढी असल्याचं मानलं होतं. म्हणजे अलाहाबादच्याही एकवीस वर्षं आधी. पण ते गुजरातपुरतं. बाकी इलाख्यात तुम्ही रूढी आहे म्हणता, तर सिद्ध करा. एकच हायकोर्ट, एकच इलाखा, पण अहमदाबादच्या शेजाऱ्याने खिडकी काढली तर दावा, आणि दख्खनमध्ये तसं नाही. मला वाटतं यात घरांच्या रचनेचाही हात असावा. अहमदाबादच्या पोळीत घरं भिंतीला भिंत लावून, गल्ली हातभर. तिथं एक खिडकी म्हणजे शेजाऱ्याचं सगळं घर. आपल्या वाड्यांनी स्वतःची नजर आधीच चौकाकडे वळवून घेतली होती. हा माझा अंदाज, कोर्टाचा नाही.

याच सुमारास कायदाही आला. भारतीय सुखाधिकार कायदा, १८८२. नाव ऐकून सुख वाटतं, पण सुखाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा मर्यादित हक्क, वाटेचा, पाण्याचा, उजेडाचा. सुरुवातीला तो मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्गला लागू होता. मुंबई इलाख्याला आणि अलाहाबादच्या बाजूला तो लागला १८९१ मध्ये. या कायद्याचं अठरावं कलम रूढीने मिळणाऱ्या हक्कांबद्दल आहे, आणि त्यात समजावून सांगायला एक उदाहरण दिलंय. एका गावात रूढी आहे, की शेजाऱ्याच्या आडोशावर मोठी गदा येईल अशी नवी खिडकी कुणी काढायची नाही. अशा गावात घर बांधलंत, तर शेजाऱ्याने तसली खिडकी काढू नये हा हक्क तुम्हाला मिळतो. आणि शेजाऱ्यालाही तुमच्याविरुद्ध तोच. कायदा आजही चालू आहे. उदाहरणही आजही तिथंच आहे. सांगा, तुमच्या गावातली रूढी काय आहे?

बरोबर, माहीत नाही. मलाही नाही. आणि रूढी सिद्ध करायची म्हणजे जुनी माणसं, जुने दाखले, कोर्टाच्या फेऱ्या.

त्याच कायद्यात पंधरावं कलम आहे, आणि ते उलट दिशेने चालतं. एखाद्या इमारतीत वीस वर्षं शांतपणे, कुणी न अडवता, उजेड-वारा येत राहिला, तर तो येत राहण्याचा हक्क तयार होतो. म्हणजे बघा कसा पेच आहे. शेजाऱ्याने खिडकी काढली. इंग्लंडचं उत्तर म्हणतं, भिंत घाल. पण तुम्ही भिडेपोटी वीस वर्षं गप्प बसलात, तर तुमची भिंत आता त्याचा उजेड अडवते, आणि दावा तोच तुमच्यावर करू शकतो. भीड हे आपलं राष्ट्रीय दैवत. कायदा मात्र भिडेची वर्षं मोजतो. (हे सगळं ढोबळ सांगतोय. प्रत्यक्षात बारकावे आहेत, वकिलाशी बोला, पॉडकास्टवाल्याशी नको.)

'भिंत उंच कर' या उत्तराची एक भन्नाट गोष्ट ऑस्ट्रेलियात आहे. १९३७, सिडनी. घोड्यांच्या शर्यतींचं एक मैदान, व्हिक्टोरिया पार्क. तिकीट काढून आत जायचं. शेजारच्या टेलर नावाच्या माणसाने आपल्या आवारात एक मचाण उभारलं, आणि तिथून कुंपणावरून बघत एका रेडिओ केंद्राचा माणूस शर्यतीचं धावतं वर्णन करायला लागला. लोक घरी बसून ऐकायला लागले, तिकिटं खपेनात. मैदानवाले कोर्टात गेले आणि हरले, तीन विरुद्ध दोन. मुख्य न्यायाधीश लॅथम यांचं म्हणणं सरळ होतं: कुंपणावरून बघायला कुणालाही मोकळीक आहे, नको असेल तर कुंपण उंच करा.

दुसरं टोक लंडनचं. टेट मॉडर्न या कलादालनाने २०१६ मध्ये दहाव्या मजल्यावर चारी बाजूंनी शहर दिसेल असा सज्जा उघडला. तीसेक मीटरवर एक आलिशान इमारत, तिच्या भिंती काचेच्या. दरवर्षी लाखो लोक येणार, शहर बघणार, आणि समोरच्यांचं स्वयंपाकघरही. फोटो काढून इंटरनेटवर टाकणार. चार फ्लॅटमधले लोक कोर्टात गेले. २०१९ मध्ये पहिल्या न्यायाधीशांनी पडदे लावायचा पर्याय पुढे केला. वरच्या कोर्टाने म्हटलं, नुसतं दिसणं हा उपद्रव होऊच शकत नाही. आणि १ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने, पुन्हा तीन विरुद्ध दोन, निकाल फिरवला: इतक्या लोकांनी सतत बघत राहणं हा उपद्रव आहे, आणि पडदे लावून अंधारात राहा असं त्या घरच्यांना सांगता येणार नाही. ज्या देशाने आपल्याला 'भिंत घाल' शिकवलं, त्याला एका टोकाच्या प्रकरणापुरतं का होईना, आत्याचं 'बघू शकतं ना' पटायला २०२३ उजाडावं लागलं.

परत महाराष्ट्रात. इथं शेजाऱ्याची नजर ही एक गोष्ट, आणि सरकारची नजर दुसरी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात. वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग कमिटीने घराघरांची झडती सुरू केली, आणि झडतीला गोरे सोल्जर. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, जिथं परका माणूस कधी आला नव्हता तिथं बुटांसकट माणसं शिरली. बायकांची तपासणी, सामान बाहेर, भिंती धुवून काढलेल्या. दिंडी, देवडी, वळण, दोन चौक, नातं बघून आत सोडायची ती सगळी रचना एका दुपारी निकामी. केसरीतून टीका झाली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढचा इतिहास तुम्ही शाळेत वाचलाय. पण शाळेत हे सांगत नाहीत, की नऊ वर्षांपूर्वी त्याच सरकारच्या एका हायकोर्टाने म्हटलं होतं, घराचा आतला भाग शेजाऱ्याच्या नजरेपासून राखायचा हक्क आहे. शेजाऱ्यापासून होता. सोल्जरपासून नव्हता.

रोगाची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. प्लेगने माणसं खरोखर मरत होती आणि कोंदट खोल्या खरोखर वाईट होत्या. त्यामुळेच मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि नगररचनेचा सगळा भर गेला उजेड आणि हवेवर. दोन इमारतींमध्ये किती अंतर, उजेडाचा किरण कुठल्या कोनातून खोलीत यायला हवा, यावर नियम झाले. चाळी झाल्या. चाळीत उजेड होता, वारा होता, समोर सगळ्यांची एकच गॅलरी होती. आडोसा नव्हता. उजेड जिंकला. आणि खरं सांगायचं तर तेव्हा जिंकायलाच हवा होता.

स्वातंत्र्यानंतरही घराच्या आतलं राखायचं प्रकरण लगेच सुटलं नाही. १९६२ मध्ये खडक सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने, पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावणं रद्द केलं, पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं म्हणायला नकार दिला. ते म्हटलं गेलं २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीश, एकमताने, पुट्टस्वामी खटल्यात. ते आधारपासून निघालं होतं, परसापासून नाही. शेजाऱ्याच्या खिडकीसाठी आजही तुम्हाला १८८२ चंच पुस्तक उघडावं लागतं.

तर, आत्याची भिंत.

महाराष्ट्रातल्या शहरांच्या बांधकाम नियमांत कंपाउंडच्या भिंतीची उंची साधारण दीड मीटर, म्हणजे पाचेक फूट. २.४ मीटर, म्हणजे आठेक फुटांपर्यंत जाता येतं, पण वरचे ०.९ मीटर जाळी किंवा गज, आरपार दिसेल असं. कोपऱ्यावरच्या प्लॉटला आणखी कमी, वळणावर गाडीवाल्याला दिसावं म्हणून. तुमच्याकडचा नेमका नियम नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. पण सूत्र लक्षात आलं? ज्या उंचीवर भिंत तुम्हाला झाकायला लागते, त्याच उंचीवर नियम म्हणतो, आता आरपार ठेवा.

आणि समजा नियम नसता, तरी दहा फुटांची भिंत बांधणं शहाणपणाचं होतं का? मी आत्याच्या परसात टेप घेऊन बसलो. मागच्या घराच्या वरच्या खिडकीत उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून पंधरा फुटांवर. खिडकी ते भिंत दहा फूट. आत्या बसते ती भिंतीपासून आत दहा फूट, आणि बसलेल्या आत्याचं डोकं चार फुटांवर. म्हणजे वीस फूट अंतरात नजर अकरा फूट खाली येते. ती रेघ भिंतीपाशी अडवायची तर भिंत साडेनऊ फूट हवी. खर्च, पाया, वाऱ्याचा जोर, शेजाऱ्याशी वाकडं, आणि परसात कायमचा ओलावा. आत्ताची पाच फुटांची भिंत तर जवळजवळ काहीच झाकत नाही, तिला टेकून बसलं तरच थोडंफार.

आता तीच रेघ आत्यापासून तीन फुटांवर अडवा. तिथं रेघेची उंची किती? पावणेसहा फूट. बस्स. ना परवानगी, ना पाया. दोन बांबू, वर आडवा एक, आणि त्यावर काहीही. आडोसा हद्दीवर लागत नाही, माणसाजवळ लागतो. चिक दारालाच का टांगायचे, पडदा खिडकीलाच का, हे मला त्या टेपने शिकवलं. आपण प्लॉट मोजायला लागलो तशी सगळी अक्कल कंपाउंडच्या रेघेवर गेली. गेट, भिंत, वर काचेचे तुकडे, आता हिरवी जाळी, पत्रे, कॅमेरे. चोरासाठी ते ठीक असेल. नजरेसाठी चुकीच्या जागी लावलेला पैसा आहे. आणि तुमचा कॅमेरा शेजाऱ्याच्या दाराकडे बघत असेल, तर तो तुमचाच व्हरांडा आणि तुम्हीच राधो, एवढं लक्षात ठेवा.

फ्लॅटवाल्यांनो, तुमच्याकडेही हेच. समोरच्या टॉवरला काही करता येत नाही. गॅलरीच्या कठड्याला पत्रा ठोकू नका, सोसायटी नोटीस काढेल आणि वारा जाईल. खुर्चीजवळ, तुमच्या बसायच्या जागेच्या बाजूला चिक किंवा कुंड्यांची रांग लावा. आणि दिवसा आतून बाहेर दिसतं पण बाहेरून आत नाही, असे झिरझिरीत पडदे रात्री आतला दिवा लागला की उलटे होतात, हे पडदेवाला सांगत नाही.

जूनमध्ये आम्ही आत्याच्या दगडाजवळ मांडव घातला. तिने घेवड्याचा वेल लावला, माझ्या कृष्णकमळाच्या सूचनेवर म्हणाली, "खाता येत नाही ते कशाला?" श्रावणापर्यंत वेल वर चढला, हिरवीगार भिंत झाली. आत्या तिच्याआड बसून शेंगा निवडते. भाद्रपदात मागच्या खिडकीतून हाक आली, "आत्या, वरच्या बाजूला खूप लागलाय, तुम्हाला दिसत नाही तिकडून. सांगू का कुठं कुठं ते?" आणि मग ती वरून बोट दाखवते आणि आत्या काठीने शोधते, असा कार्यक्रम दोन आठवडे चालला.

दिवाळीनंतर वेल वाळला. आता नुसते बांबू उभे आहेत आणि खिडकी पुन्हा दिसते. आत्याने फोन करून विचारलंय, साताऱ्यात चिक काय भावाने मिळतो. मी अजून विचारलेलं नाही. या रविवारी जातोय.

तुमच्या घरी, आजोळी, चाळीत आडोशाची काय युक्ती होती, ते व्हॉइस नोटने पाठवा. भेटू पुढच्या भागात.